चिलापीचा काटकपणा आणि तिचे आरोग्य

उजनी जलाशयाच्या परिसरातील बाजारांत ‘चिलापी’ या नावाने विकला जाणारा तिलापिया हा मूळचा आफ्रिकेतील मासा असून, त्याची मोझांबिक जात १९५२ मध्ये भारतात आणली गेली. परंतु ती तलावांत बेसुमार वाढून इतर माशांच्या अन्नावर व जागेवर अतिक्रमण करू लागल्याने १९५९ मध्ये तिच्या प्रसारावर बंदी घालण्यात आली. आज संवर्धनासाठी प्रामुख्याने वापरली जाते ती ‘गिफ्ट’, म्हणजे निवड पद्धतीने सुधारलेली नाईल तिलापियाची जात, आणि तिच्या विकासाचे काम १९८८ मध्ये फिलिपाइन्समध्ये सुरू झाले.

तिलापियाची मादी अंडी व पिले तोंडात सांभाळते, त्यामुळे पिलांची मर कमी होते. शिवाय हा मासा काही महिन्यांतच प्रजननक्षम होत असल्याने नर-मादी एकत्र वाढवलेले तळे लवकरच खुरट्या माशांनी भरून जाते. यावर उपाय म्हणून पिलांना सुरुवातीचे तीन-चार आठवडे संप्रेरकयुक्त खाद्य देऊन जवळजवळ सर्व मासे नर होतील अशी व्यवस्था बीज केंद्रांत केली जाते, कारण नर अधिक वेगाने वाढतो.

हा मासा गढूळ पाणी, दाटी आणि कमी प्राणवायू बराच काळ सोसतो, आणि नेमका हाच गुण संवर्धकाला गाफील ठेवतो. पाण्यातील शेवाळ व सूक्ष्म वनस्पती दिवसा प्राणवायू सोडत असल्या तरी रात्री त्या तो वापरतात, म्हणून पहाटे त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. अशा वेळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, तर खाद्य थांबवून वायुवीजन यंत्र चालू करणे आवश्यक ठरते. न खाल्लेले खाद्य व विष्ठा यांपासून अमोनिया तयार होतो आणि पाण्याचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचे मान, तसेच तापमान वाढले की त्याचा विषारी अंश वाढून कल्ल्यांना इजा होते. जास्त खाद्य म्हणजे जास्त वाढ, ही समजूत बहुधा सर्वांत महाग पडते.

अशा ताणाखालील माशांना उन्हाळ्यात स्ट्रेप्टोकॉकस जीवाणूची बाधा सहज होते. डोळे बाहेर येणे आणि मासा गोल गोल फिरत पोहणे ही तिची ठळक लक्षणे होत. २०१४ मध्ये इस्रायलमधील संशोधकांनी वर्णिलेला तिलापिया लेक विषाणू पुढे भारतातही आढळला असून त्यावर औषध नाही, तर जीवाणूजन्य रोगांतही प्रतिजैविकांचा अंदाजपंचे वापर घातकच असतो, कारण त्यातून औषधांना न जुमानणारे जीवाणू निपजतात. म्हणून मान्यताप्राप्त केंद्रातील बीज घेणे, ते काही दिवस वेगळे ठेवणे, जाळी निर्जंतुक करणे आणि संवर्धनासाठी मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी घेणे हेच शहाणपणाचे आहे. तळ्यातील मासे ओढ्या-नदीत निसटू नयेत म्हणून पाण्याच्या वाटांवर बारीक जाळी बसवावी, आणि मेलेले मासे कालव्यात न टाकता चुना घालून खोल पुरावेत.