नकाशात नसलेलं जंक्शन

लहान मुलांना आगगाडीच्या गोष्टीत फसवता येत नाही. रेव्हरंड विल्बर्ट ऑड्री यांना हे पुस्तकं छापून आल्यावर थोड्याच दिवसांत कळलं. 1945 साली लेस्टरच्या एडमंड वॉर्ड यांनी त्यांचं ‘द थ्री रेल्वे इंजिन्स’ काढलं आणि पुढच्याच वर्षी थॉमस हे टँक इंजिन आलं. मग वाचक मुलांची पत्रं सुरू झाली. एका चित्रातलं दुसऱ्या चित्राशी जुळत नाही, असं का? हेन्री आणि गॉर्डन ही दोन इंजिनं ओळखायची कशी? दुसऱ्या एखाद्या लेखकाने ‘अरे, ही गोष्ट आहे’ म्हणून हात झटकले असते. ऑड्रींनी 1951च्या पुस्तकात हेन्रीला मोठा अपघात घडवला आणि दुरुस्तीसाठी क्रूच्या खऱ्याखुऱ्या कारखान्यात पाठवलं. तिथून तो नव्या आकारात परत आला. चित्रकाराने घातलेला गोंधळ लेखकाने असा रेल्वेच्या रीतीने निस्तरला.

हा आग्रह त्यांच्या अंगात बालपणापासून मुरलेला होता. त्यांचा जन्म 1911चा. 1917 साली कुटुंब विल्टशरमधल्या बॉक्स या गावी राहायला आलं. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा प्रसिद्ध बॉक्स बोगदा तिथेच आहे. रात्री अवजड मालगाड्या चढावर धापा टाकत. मागून रेटायला जादा इंजिन लागे, आपल्याकडे ज्याला बँकर म्हणतात ते. अंथरुणात पडलेल्या मुलाला दोन इंजिनांच्या धापांतून आणि शिट्ट्यांतून संवाद ऐकू येई. पुढे महायुद्धाच्या काळात त्यांचा मुलगा क्रिस्टोफर गोवराने आजारी पडला, तेव्हा त्याच्या उशाशी बसून सांगितलेल्या गोष्टींत ती इंजिनं बोलू लागली.

पण ही इंजिनं धावायची कुठे? उत्तर 1950मध्ये सापडलं. चर्चच्या कामासाठी ऑड्री आइल ऑफ मॅनला गेले होते. तिथल्या बिशपचं पद ‘सोडॉर आणि मॅन’ असं आहे. मॅन हे बेट आहे, सोडॉर नावाचं बेट मात्र कुठेच नाही. ऑड्रींनी ते इंग्लंडचं बॅरो बंदर आणि मॅन यांच्या मधल्या आयरिश समुद्रात वसवलं. लंडनच्या नॅशनल लिबरल क्लबात ग्रंथपाल असलेला त्यांचा भाऊ जॉर्ज याने त्यात जीव ओतला. दोघा भावांनी मिळून बेटाचा इतिहास, नद्या, डोंगर, खाणी, बोली, सगळं रचलं. त्यातलं बरंचसं गोष्टींत कधी आलंच नाही. 1987 साली ते स्वतंत्र पुस्तकरूपाने छापलं गेलं.

या बेटावरची बरीच स्थानकं लोकांना ठाऊक आहेत. मला सर्वांत जवळचं वाटतं ते आर्ल्सबर्ग, पश्चिम किनाऱ्यावरचं बंदराचं गाव. तिथे मोठ्या मापाची शाखा येऊन थांबते. तिच्यावर डक हे ग्रेट वेस्टर्नचं हिरवं इंजिन काम करतं. तिथूनच अगदी अरुंद रुळांची, बुटक्या इंजिनांची एक लाइन डोंगरात शिरते. आपल्याकडच्या वाचकाने नेरळ डोळ्यांपुढे आणावं, पण तिथली गाडी माथेरानच्या दोन फुटी लाइनपेक्षाही लहान आहे.

ही छोटी लाइन का आली, याची कारणपरंपरा ऑड्रींनी कुठेही तुटू दिलेली नाही. पूर्वी डोंगरात शिशाच्या खाणी होत्या आणि त्यांच्यासाठी अरुंद मापाची रेल्वे होती. खाणी संपल्या, रेल्वे बुडाली. मागे दोन गोष्टी राहिल्या: खाणीतून काढून टाकलेल्या दगडांचे ढीग आणि रूळ उखडलेला रस्ता. इकडे मोठ्या रेल्वेला रुळांखाली टाकायला खडी हवी होती. ती डोंगरात आयती पडलेली, आणायला रस्ताही आयता. म्हणून त्या जुन्या वाटेवर 15 इंची रूळ पडले. 1967च्या ‘स्मॉल रेल्वे इंजिन्स’मध्ये ही इंजिनं खडी घेऊन खाली येतात आणि आर्ल्सबर्गला ती मोठ्या गाडीच्या वाघिणींत भरली जाते. निसर्गसौंदर्य सगळं नंतरचं, आधी माल. दोन मापांचे रूळ एका ठिकाणी भेटतात ते मालाची चढउतार करावी लागते म्हणून, हे ज्या लेखकाला कळलं त्याचं जंक्शन खरं वाटणारच.

आर्ल्सबर्गच्या या छोट्या लाइनचं मूळ कंब्रियाच्या किनाऱ्यावर आहे. रेव्हनग्लास हे अगदी लहानसं गाव. तिथे एस्क, माइट आणि इर्ट या तीन नद्या एकाच खाडीत मिळतात. रोमन काळातलं स्नानगृह गावाच्या कडेला अजून भिंतींनिशी उभं आहे. बूट या गावाच्या लोहखनिजासाठी 1875 साली तिथून तीन फुटी लाइन सुरू झाली. ती पहिल्यापासून कर्जात होती आणि 1913मध्ये बंद पडली. 1915 साली खेळण्यातल्या रेल्वेसाठी नावाजलेल्या बॅसेट-लोक यांनी जोडीदारासह ती ताब्यात घेऊन 15 इंची केली. पुढे ग्रॅनाइटच्या खाणीने तिला जगवलं. तीही थांबली, तेव्हा 1960मध्ये लाइन लिलावात निघाली. रेल्वेप्रेमी आणि दोन धनिक आश्रयदाते यांनी ती सोडवली. आज सुमारे सात मैलांच्या त्या लाइनवर प्रवासी जातात, आणि शेजारून किनाऱ्याची मोठी लाइनही चालते.

इथल्या इंजिनांना त्याच तीन नद्यांची नावं आहेत. ‘रिव्हर इर्ट’चं मूळ 1894पर्यंत जातं, ‘रिव्हर एस्क’ 1923चं, आणि ‘रिव्हर माइट’ 1966चं. गोष्टीत ती बर्ट, रेक्स आणि माइक होतात. म्हणजे माइक पुस्तकात आला तेव्हा खरं इंजिन जेमतेम वर्षाचं होतं! त्या पुस्तकात दोन पाद्रीही येतात, एक बारीक आणि एक लठ्ठ. बारीक ते स्वतः ऑड्री. लठ्ठ म्हणजे त्यांचे मित्र टेडी बॉस्टन, ज्यांनी केडबीच्या आपल्या पाद्रीनिवासाच्या बागेतच अरुंद रूळ टाकून इंजिन चालवलं.

आपल्या गोष्टींतल्या घटना कुठल्या ना कुठल्या खऱ्या रेल्वेवर घडलेल्या असाव्यात, यावर ऑड्रींचा भर असे. वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेवर ते 1952 साली हौशी गार्ड होते. त्यांनी हिरवा झेंडा दाखवला, गाडी सुटली आणि फराळाचं दुकान सांभाळणाऱ्या बाई फलाटावरच राहिल्या. 1955च्या पुस्तकात तो प्रसंग जसाच्या तसा आला.

1984 साली या गोष्टी टीव्हीवर आल्या आणि जगभर पोचल्या. पुस्तकातलं नॅपफर्ड हे बंदरालगतचं साधं जंक्शन, जिथून थॉमसची शाखा निघते. टीव्हीवर त्याचं काचेच्या छताचं भव्य टर्मिनस झालं. ते दिसतं देखणं. पण एवढ्या स्थानकाला पुरेल अशी वर्दळ त्या बेटावर कुठून येणार, हा प्रश्न मला पडतोच.

पुढे एका भागात हेन्री जंगलाची शोभा पाहायला मुख्य मार्गावर थांबतो. ऑड्रींनी याला ठाम हरकत घेतली. ब्रिटिश रेल्वेच्या नियम 55प्रमाणे मुख्य मार्गावर सिग्नलपाशी गाडी अडून राहिली, तर इंजिनावरच्या माणसाने केबिनपर्यंत जाऊन सिग्नलमनला आठवण करून द्यायची असे: आमची गाडी इथे उभी आहे. इथे तर गाडी आपखुशीने थांबली होती.

काहींना ही म्हाताऱ्याची किरकिर वाटली. मला ती तशी वाटत नाही. 22 मे 1915 रोजी स्कॉटलंडच्या सीमेजवळ क्विंटिन्सहिल इथे एक लोकल मुख्य मार्गावर उभी होती. तिचा फायरमन केबिनमध्ये आला, त्याने वहीत सही केली. पण सिग्नलच्या खटक्यावर आठवणीसाठी लावायची कडी अडकवली आहे की नाही, हे त्याने पाहिलं नाही. ती अडकवलेली नव्हतीच. ज्या सिग्नलमनने सैनिकांच्या गाडीला वाट दिली, तो त्याच लोकलने कामावर आलेला होता आणि ती बाहेर उभी आहे हे विसरला होता. सैनिकांची गाडी तिच्यावर आदळली, मग तिसरी गाडी त्या ढिगाऱ्यावर. आग लागली. 200हून अधिक माणसं गेली, बहुतेक रॉयल स्कॉट्स पलटणीचे जवान. तेव्हा ऑड्री अजून चार वर्षांचेही झाले नव्हते.