फायटरचा घास
काचपेटीतील बेट्टा, अर्थात आपल्या बाजारातील ‘फायटर’, मूळचा थायलंड परिसरातील. 2019 मध्ये त्या देशाने त्यास राष्ट्रीय जलचराचा मान दिला. भाताची शिते वा पावाचा चुरा हे त्याचे अन्न नव्हे. तो मांसाहारी आहे. वर वळलेले त्याचे मुख पाण्यावरील कीटक व डासांच्या अळ्या टिपण्यासाठीच असते. म्हणून दाणेदार खाद्य घेताना घटकांत मासळी वा कोळंबी प्रथम आहे ना, हे पाहावे. घाण पाण्यातील जिवंत ट्युबिफेक्स कृमी स्वस्त खरे, परंतु रोगजंतूही सोबत आणतात. त्यापेक्षा गोठवलेला आर्टेमिया बरा. दिवसातून दोनदा दोन-तीन बारीक दाणे पुरेत. मासा काचेशी येऊन मागतच राहील. त्याला भुलू नये. उरलेले खाद्य कुजून अमोनिया वाढतो आणि लहान पेटीत तोच माशाच्या जिवावर बेततो. न खाल्लेले दाणे पाचेक मिनिटांत काढून टाकावेत.