मोर्डेव्हियातला परका

गेल्या लेखांकात आपण सिएरा कंपनीचा ‘किंग्ज क्वेस्ट’ हा गेम पाहिला. त्यातला नायक ग्रॅहॅम कोणाच्याही हाती दिला तरी तोच राहतो. कोडी तीच, उत्तरंही तीच. त्याच सिएरासाठी लोरी ॲन कोल आणि कोरी कोल या जोडप्याने १९८९ साली ‘हीरोज क्वेस्ट’ हा गेम रचला. मिळत्याजुळत्या नावाचा एक बोर्ड गेम बाजारात असल्याने पुढे त्याचं नाव ‘क्वेस्ट फॉर ग्लोरी’ झालं. १९९८पर्यंत या मालिकेचे पाच भाग आले.

इथे नायक तुम्ही घडवता. योद्धा, जादूगार की चोर, हे आधी ठरवायचं. मग झाडावर चढत राहिलात की चढणं सुधारतं, दगड फेकत राहिलात की नेम सुधारतो. पहिल्या भागात वैदूबाईची हरवलेली अंगठी उंचावरच्या घरट्यात असते. दगड मारून घरटं पाडा, झाडावर चढा किंवा मंत्राने ते खाली आणा. तिन्ही वाटा खऱ्या आहेत. भाग संपला की आपलं पात्र डिस्कवर जपून ठेवायचं आणि तेच पुढच्या भागात न्यायचं. कमावलेली ताकद, जादू, इभ्रत, सगळं त्याच्यासोबत जातं.

म्हणून ‘या पाचांतला आवडता कोणता’ या प्रश्नाचं उत्तर देताना प्रत्येक भागाचा सुटा विचार करून चालत नाही. आपला माणूस कुठे खरा कसाला लागला, ते पाहावं लागतं.

पहिला भाग सर्वांत नेटका आहे. जर्मन लोककथांच्या वळणाची स्पीलबर्गची दरी लहान आहे, पण तिच्यात काहीही उगाच आलेलं नाही. दुसऱ्या भागातलं शापीर हे अरबी कथांच्या वळणाचं शहर. त्याच्या गल्ल्यांच्या जाळ्यात वाट चुकण्यातही मजा आहे. तिसरा भाग आफ्रिकेच्या धर्तीच्या प्रदेशात घडतो. तो मूळ आराखड्यात नव्हता. पुढच्या संकटासाठी नायक अजून तयार नाही असं वाटल्याने कोल दांपत्याने तो मध्ये घातला. पाचवा भाग त्रिमितीत आला. तो भव्य आहे, पण मला त्यात ऊब कमी वाटते.

माझा कौल चौथ्याला, म्हणजे १९९३च्या ‘शॅडोज ऑफ डार्कनेस’ला. तीन प्रदेशांचा तारणहार ठरलेला नायक इथे मोर्डेव्हियातल्या एका अंधाऱ्या गुहेत, जवळपास रिकाम्या हाती येऊन पडतो. ही स्लाव्ह लोककथांची भूमी आहे. पाण्यातली रुसाल्का आहे, घराची राखण करणारा डोमोवोय आहे, पहिल्या भागातली चेटकीण बाबा यागाही परत भेटते. गावकरी मात्र त्याच्याकडे संशयाने पाहतात. मागच्या तीन भागांतली कीर्ती इथे कोणाच्या कानावर गेलेली नाही. अंगातलं कौशल्य तेवढं शाबूत आहे.

गावाचं मन तलवारीने जिंकता येत नाही. कबरी खणणारा इगोर बेपत्ता होतो आणि गावकरी एका जिप्सीला खुनी ठरवून मोकळे होतात. इगोरला जिवंत शोधून काढलं तरच त्या निरपराध माणसाची सुटका होते. म्हातारा निकोलाय हरवलेल्या ॲनासाठी झुरतोय आणि मेलेली ॲना जंगलात त्यालाच शोधत फिरतेय. खानावळ चालवणाऱ्या नवरा-बायकोची लेक तान्या नाहीशी झालेली आहे. ती किल्ल्यात आहे, पण रक्तपिपासू होऊन. तिला पुन्हा माणसात आणण्यासाठी टोबी नावाचा राक्षसी देहाचा, मायाळू जीव आपले प्राण देतो. तान्या घरी परतल्यावर त्याच खानावळीत लोकांचा नायकाशी बोलण्याचा सूर बदललेला ऐकू येतो. कोडं सुटलं म्हणजे कुणाचं तरी दुःख हलकं झालं, असं इतक्या सातत्याने घडवणारा दुसरा गेम मला माहीत नाही. आणि तान्याला रक्तपिपासू करणारी कत्रिना? तिचाही निव्वळ तिरस्कार करणं गेम आपल्याला सोपं ठेवत नाही. तिचा एकाकीपणा खरा आहे.

दोषही आहेत. बाजूने दिसणारी लढाई मला कधीच रुचली नाही. फ्लॉपीवर आलेल्या पहिल्या आवृत्तीत इतक्या चुका राहून गेल्या होत्या की खेळ मध्येच बंद पडायचा. म्हणून खेळायचा तर १९९४ची सीडी आवृत्तीच घ्या. तिच्यात निवेदन जॉन ऱ्हिस-डेव्हिस यांचं आहे, म्हणजे इंडियाना जोन्सच्या चित्रपटांतला सल्लाह. त्या भरदार आवाजात मोर्डेव्हियाची रात्र अधिकच गडद होते. मात्र सुरुवात थेट इथून करू नका. पहिल्या भागाची १९९२ची नवी, रंगीत आवृत्ती आटोपशीर आहे. तिथे घडवलेला माणूसच मजल दरमजल करत मोर्डेव्हियाच्या वेशीपर्यंत आणा.

पुढच्या आठवड्यात कोल दांपत्याच्या २०१८ सालच्या ‘हीरो-यू’ या गेमकडे वळू.