टर्कीची हाक: पडद्याचा ताण

अमेरिकेत वसंतातल्या टर्की पक्ष्याच्या शिकारीत मादीच्या आवाजानं नराला जवळ बोलावतात. त्यासाठीचं टाळूला लावायचं साधन अनेक जण घरीच बनवतात: घोड्याच्या नालासारखी ॲल्युमिनियमची चौकट आणि तिच्यात लेटेक्सचा अतिपातळ पडदा. सगळी करामत त्या पडद्याच्या ताणात. जास्त ताणला तर आवाज चढा, बारीक निघतो आणि फुंकही जोराची लागते. सैल राहिला तर घोगरा. म्हणून लेटेक्स साच्यावर ताणून धरूनच चौकट दुमडून दाबतात. मग ताणात फारसा बदल करता येत नाही. नवशिक्यानं एकाच पडद्यापासून सुरुवात करावी हे उत्तम. ताणातला बारीक फरक त्यातच कानाला स्पष्ट कळतो. अनेक पडद्यांच्या साधनात वरच्या पडद्याला कात्रीनं छोटा काप दिला की मादीच्या आवाजातली खरखर येते.