आधी कंबर मोजा, मग पळा

वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूर जैनला मालेगाव–रिसोड रस्त्यावर पहाटे दोन तऱ्हेची माणसं पळताना दिसतात. एक भरतीवाले. पोलीस भरतीत 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत मारलं की 20 पैकी 20 गुण, एवढंच त्यांच्या डोक्यात असतं. दुसरे चाळिशी ओलांडलेले: दुकानदार, मास्तर, बँकेतले साहेब. डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेचा कागद पुढ्यात ठेवला म्हणून घराबाहेर पडले आणि मग पळण्याचाच नाद लागला. हा लेख या दुसऱ्या मंडळींसाठी. त्यांची तक्रार ठरलेली: रोज पळतो, बूट नवे घेतले, मनगटावर घड्याळ आलं, तरी 5 किलोमीटरला 35 मिनिटांच्या खाली काही येत नाही. बहुतेकांची ती मिनिटं पट्ट्याच्या वर अडकलेली असतात.

सगळ्यात ठळक उदाहरण शेजारच्या मराठवाड्यातलंच आहे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमधून सियाचिनलाही राहून आला. पुढे प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या हाताखाली आला, तेव्हा त्याचं वजन चांगलंच वाढलेलं होतं. तीन महिन्यांत त्यानं 20 किलो उतरवले, असं त्याच्याविषयी अनेकदा छापून आलं आहे. 2018 मध्ये त्यानं गोपाल सैनी यांचा 3000 मीटर स्टीपलचेसमधला 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, पुढच्या वर्षी हांगझोऊच्या एशियाडमध्ये सुवर्ण, आणि 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 8 मिनिटं 9.91 सेकंद. हे सगळं वजन उतरल्यामुळेच घडलं असं कोणी म्हणणार नाही. पण ते वजन तसंच राहतं, तर यातलं काही घडलं नसतं. आणि तीन महिन्यांत 20 किलो हा हिशेब छावणीत राहणाऱ्या विशीतल्या जवानाचा आहे, आपला नाही.

वजन उतरलं की वेग का वाढतो? पळताना स्नायूंना ऑक्सिजन लागतो. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, याचं माप घेतात आणि त्याला वजनानं भागतात. समजा, 80 किलोचा गडी मिनिटाला 3.2 लिटर ऑक्सिजन वापरतो. म्हणजे किलोमागे 40 मिलिलिटर. फुप्फुसं, हृदय, रक्त सगळं तेच ठेवून नुसती 6 किलो चरबी गेली, तर हाच आकडा 43 च्या पुढे जातो. अमेरिकी प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांच्या तक्त्यात 40 ची पातळी म्हणजे 10 किलोमीटर साधारण 50 मिनिटांत आणि 43 ची म्हणजे 47 मिनिटांत. कागदावर तीन मिनिटं. प्रत्यक्षात थोडी कमीच पदरात पडतात, कारण चरबीबरोबर थोडा स्नायूही जातो. पण नुसत्या सरावानं तीन मिनिटं कमवायला काय घाम गाळावा लागतो, ते पळणाऱ्यालाच विचारा.

हेच उलट्या बाजूनंही तपासलेलं आहे. कर्क क्युरटन आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्ये पळणाऱ्यांच्या अंगावर मुद्दाम वजन बांधलं. शरीराच्या 5 टक्के जादा वजन चढलं की 12 मिनिटांत कापलेलं अंतर सरासरी 89 मीटरनं घटलं. पळणारे तेच, त्यांचा दमही तोच, फक्त ओझं वाढलं.

गुडघ्यांचा फायदा तर वेगाहून मोठा. गुडघ्याचा संधिवात असलेल्या स्थूल माणसांवर अमेरिकेत झालेल्या आणि 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की एक किलो वजन उतरलं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो. एका किलोमीटरला पावलं हजारावर पडतात. ज्यांचे गुडघे पळून ‘गेले’ म्हणतात, त्यांतल्या कित्येकांचे वजनानं गेलेले असतात.

आता अवघड भाग. पळून वजन उतरतं ही समजूत निम्मीच खरी आहे. किलोमीटरमागे किलोला एक कॅलरी हा ढोबळ नियम धरा. 75 किलोचा माणूस 5 किलोमीटर पळून पावणेचारशे कॅलरी जाळतो. परतताना स्टँडवर दोन कचोऱ्या आणि साखरेचा चहा झाला, की हिशेब जवळपास बरोबर! कचोरी खाऊच नये असं मी म्हणणार नाही. शेगावची कचोरी एवढी नावाजलेली असताना तसं सांगणारा माणूस वऱ्हाडातला नव्हेच. पण ती पळण्याचं बक्षीस म्हणून रोज खायची नसते. वजन स्वयंपाकघरात उतरतं. पळण्यानं दम वाढतो, आणि उतरलेलं वजन पुन्हा चढत नाही.

शिरपुरात याला एक घरचा आधार आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या या गावात सूर्यास्तानंतर न जेवणारी जैन कुटुंबं आहेत. त्यांचा हेतू धर्माचा, अहिंसेचा; त्याला डाएट म्हणणं बरं नव्हे. पण रात्री नऊनंतरचं जेवण, वर फरसाण, वर टीव्हीपुढचा चिवडा हे सगळं या एका नियमानं आपोआप कटतं. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घराघरांत पोचवलेला दोन वेळा जेवण्याचा मार्गही अनेकांना याच कारणानं लागू पडतो. माझं मत असं, की घड्याळात जादू नाही. ताटात एकूण कमी पडतं, ही जादू. दोन जेवणांत चार जेवणांचं जेवलं तर काटा हलत नाही.

मात्र कमी खाताना प्रथिनं कमी केली की चरबीबरोबर स्नायूही जास्त जातो आणि वेग घसरतो. गंमत बघा, वाशीम सोयाबीनचा जिल्हा. खरिपात जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन. कोरड्या दाण्यात शंभर ग्रॅमला 35 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. तो सगळा माल बाजार समितीत जातो आणि आपल्या ताटात डाळीचं पाणी येतं. किराणा दुकानातली सोयावडी, घट्ट वरण, उसळ, ताक एवढं रोज असलं तरी पुष्कळ. सोयाबीनचे दाणे मात्र कच्चे खायचे नाहीत, नीट शिजवूनच.

आणि नुसत्या काट्यावर विसंबू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, 22.3, अगदी सारखा. शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2 टक्के. आपण दिसायला बारीक आणि आतून चरबीचे, हे त्यांनी स्वतःच्याच अंगावर दाखवून दिलं. म्हणून भारतीय पुरुषाची कंबर 90 आणि बाईची 80 सेंटीमीटरच्या आत असावी, असं डॉक्टर सांगतात.

भरतीच्या पोरांनी हा लेख वाचून जेवण कमी केलं, तर तो शुद्ध वेडेपणा होईल. मुलींनी तर मुळीच नको: कमी खाऊन जास्त पळणाऱ्या मुलींची पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, आणि वेगही जातो. बाकीच्यांनी आठवड्याला अर्धा किलोहून जास्त उतरवू नये. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

या रविवारी दोनच आकडे वहीत लिहा: कंबर आणि 5 किलोमीटरची वेळ. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. दोन्ही घटले असतील तर चालू द्या. कंबर घटली आणि वेळ वाढली, तर तुम्ही कमी खाताय, जेवण वाढवा.