शंका आली म्हणजे विश्वास गेला?

नव्या वर्षाचं कॅलेंडर असो, लग्नात दिलेली फ्रेम असो की सकाळी मोबाइलवर आलेला संदेश, मराठी ख्रिस्ती घरांत बायबलमधलं एक वचन हमखास भेटतं : यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९व्या अध्यायातलं ११वं. देवाने आपल्या लोकांचं भलंच योजलं आहे, असा त्याचा आशय. दहावीच्या मुलांना, नोकरीच्या शोधात असलेल्यांना ते आवर्जून दिलं जातं. त्यातूनच एक समजूत घट्ट होते, की विश्वास ठेवला तर देवाची योजना लवकरच उलगडेल आणि ती आपल्या मनासारखीच निघेल.

हे वचन मुळात एका पत्रातलं आहे आणि ते पत्र कैद्यांना लिहिलेलं आहे. इसवी सनापूर्वी ५९७मध्ये बाबेलच्या राजाने यरुशलेम घेतलं आणि तिथलं राजघराणं, कारागीर, मातब्बर मंडळी धरून नेली. हनन्या नावाचा एक संदेष्टा छातीठोकपणे सांगत होता की दोन वर्षांत सगळे घरी येतील. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मयाने मात्र पत्रात ७० वर्षांचा आकडा लिहिला. कॅलेंडरवरच्या वचनाच्या अगदी आदल्या वचनात तो आजही आहे, फक्त छापला जात नाही. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना ती सुटका डोळ्यांनी दिसणार नव्हती. तोवर त्यांनी काय करायचं, हेही पत्रात आहे. घरं बांधायची, बागा लावायच्या, मुलांची लग्नं करायची आणि ज्या शत्रूच्या शहरात आणून टाकलं आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करायची. देवाच्या योजनेवर भरवसा ठेवण्याचा बायबलमधला हा अर्थ झटपट यशाच्या आश्वासनापासून फार लांबचा आहे.

दुसरा गैरसमज येशूचा शिष्य थोमा याच्या वाट्याला आला. ‘संशयी थोमा’ हे नाव त्याला असं चिकटलं, की चर्चमध्ये प्रश्न विचारणाऱ्या तरुणाला आजही त्याच नावाने गप्प बसवलं जातं. योहानाच्या शुभवर्तमानात याच थोमाने, येशूबरोबर मरायला आपणही जाऊ, असं सोबत्यांना सांगितलं होतं. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी येशू शिष्यांना दिसला तेव्हा थोमा इतरांबरोबर नव्हता. खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय मानणार नाही, असं तो म्हणाला. पण इतर शिष्यांना तर हातपाय आणि कूस आधीच दाखवून झाली होती! त्याने त्यांच्याहून जास्त काही मागितलंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात येशू आला तेव्हा त्याने विश्वास धरायला सांगितलं, न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना धन्य म्हटलं. पण थोमाला हाकलून दिलं नाही, उलट व्रण पुढे केले. कॅराव्हॅज्योच्या प्रसिद्ध चित्रात थोमाचं बोट जखमेत शिरलेलं दिसतं, मात्र त्याने खरोखर बोट घातलं असं शुभवर्तमानात कुठेही लिहिलेलं नाही. आहे ती त्याची कबुली. येशूला उघडपणे प्रभू आणि देव म्हणणारा त्या प्रसंगातला माणूस हा थोमाच होय. केरळचे सीरियन ख्रिस्ती आपल्या मंडळीची सुरुवात त्याच्यापासून मानतात.

मयताच्या घरी ऐकू येणारी दोन वाक्यं तर थांबवायलाच हवीत. ‘देव झेपेल तेवढंच ओझं देतो’ हे पहिलं. प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या ज्या वचनाचा आधार यासाठी दिला जातो, ते मोहाच्या कसोटीविषयी आहे. दुसऱ्या पत्रात तोच पौल लिहितो, की आशिया प्रांतात आलेलं संकट त्याच्या शक्तीपलीकडचं होतं, जगण्याचीही आशा उरली नव्हती. दुसरं वाक्य दबक्या आवाजात येतं : ‘काहीतरी पाप घडलं असेल.’ जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी हाच प्रश्न येशूला विचारला होता. पाप याचंही नाही, आईबापांचंही नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात, दुःखात बुडालेल्या ईयोबाच्या मित्रांनी हीच चूक पानंच्या पानं केली. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. रडून, भांडून जाब विचारणाऱ्या ईयोबाचं बोलणं यथार्थ ठरतं. आपल्यावर हे का ओढवलं, ते मात्र ईयोबाला अखेरपर्यंत सांगितलं जात नाही. लेकरू गमावलेल्या आईला कारण पुरवण्याची घाई करणाऱ्यांनी हे ४२ अध्याय आधी वाचावेत.

मोठ्या संतांना शंकेने कधी घेरलं नसेल, असंही अनेकांना वाटतं. २००७मध्ये मदर तेरेसांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली तेव्हा म्हणूनच धक्का बसला. कोलकात्यातलं काम सुरू झालं त्या सुमारास देवाच्या सान्निध्याची जाणीव नाहीशी झाली आणि मधला थोडा काळ सोडला तर जवळपास ५० वर्षं ती परतली नाही, असं त्यांतून दिसतं. काहींनी त्यांना लगेच छुप्या नास्तिक ठरवलं. पत्रं कोणाला लिहिली, हे पाहिलं तर तो निष्कर्ष टिकत नाही. त्या आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांकडे मन मोकळं करत होत्या. त्यांपैकी एक फादर जोसेफ नॉयनर, पुण्यात दीर्घकाळ ईशज्ञान शिकवणारे जेझुइट. या अंधाराला माणसाच्या हाती उपाय नाही, तेव्हा स्वतःला दोष देऊ नका, आणि देवाची एवढी ओढ असणं हीच तो जवळ असल्याची खूण आहे, असं त्यांनी मदरना सांगितलं. या बोलण्याने त्यांना मोठा आधार मिळाला. संतपदाच्या प्रक्रियेत त्यांची बाजू मांडणाऱ्या धर्मगुरूनेच ही पत्रं संपादित केली आणि २०१६मध्ये त्यांना संत घोषित करण्यात आलं.

महाराष्ट्राला याहून जवळचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. आईवडील दुष्काळात गेले, पती लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच. १८८३मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर्सची अपेक्षा होती, की आता त्यांनी चर्चची शिकवण निमूटपणे स्वीकारावी. रमाबाईंनी त्रैक्यावर, ख्रिस्ताच्या देवत्वावर, बिशपांच्या अधिकारावर लांबलचक पत्रं लिहून वाद घातला. आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाच्या हवाली करायला त्या तयार नव्हत्या. जिवंत विश्वास आपल्याला बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी लाभला, असं त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं. केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली, हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर, हे सगळं प्रश्न विचारणाऱ्या त्याच बाईचं काम. १९२१मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, तरी भाषांतराचं काम थांबलं नाही. त्यांचा वाँटेजशी झालेला पत्रव्यवहार १९७७मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने इंग्रजीत प्रसिद्ध केला आहे. तरुणांच्या शंकांनी धास्तावणाऱ्या पाळकांनी आणि पालकांनी तो एकदा जरूर चाळावा.