लेकराचे गाऱ्हाणे कोणत्या भाषेत लिहून घ्यायचे?

सीमाभागात भाषेचा विषय निघाला की चर्चा तीन गोष्टींभोवती फिरते : दुकानांवरच्या पाट्या, सरकारी परिपत्रके आणि मराठी शाळांतील शिक्षकांच्या रिकाम्या जागा. हे तिन्ही विषय जिव्हाळ्याचे आहेत आणि त्यांवर आम्ही वेळोवेळी लिहीत आलो आहोत. परंतु मूल पहिलीच्या वर्गात बसण्याआधी तीन वर्षे अंगणवाडीत जाते. दुर्दैवाने घरात किंवा गावात त्याच्यावर काही अन्याय झाला, तर ते पोलिसांपुढे, बालकल्याण समितीपुढे, समुपदेशकापुढे उभे राहते. तेथे त्याच्याशी कोणती भाषा बोलली जाते आणि ती बोलणाऱ्या माणसाला त्या कामाचे शिक्षण कोणत्या भाषेत मिळालेले असते, याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. आज आम्ही वाचकांचे लक्ष तिकडे वेधू इच्छितो.

अंगणवाडीचे मूळ

‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर चालतो. त्याचे श्रेय ताराबाई मोडक यांना दिले जाते. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले. मातृभाषा मराठी, पण समोरची मुले गुजराती; म्हणून त्यांनी गुजराती आपलीशी केली. पुढे १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार. अंगणात जायचे म्हणजे अंगणातली बोली ऐकायची, हे त्यात ओघानेच आले.

एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. सेविकेचे काम खिचडी वाटण्यापुरते नाही. वजन-उंची घेणे, लसीकरणाला मुले गोळा करणे, गरोदर बाईला आहार समजावणे, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गाणी-गोष्टींतून शिकवणे, कुपोषित मूल वेळीच ओळखणे आणि त्या सगळ्याची नोंद ठेवणे, इतके सारे तिच्या माथी आहे. पूर्वी त्यासाठी अकरा नोंदवह्या होत्या. २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ हे मोबाइलवरचे साधन आले.

शिकायचे एका भाषेत, सांगायचे दुसऱ्या भाषेत

मे २०२३ मध्ये केंद्राने ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम जाहीर केला. त्यात सेविकांना तीन दिवसांचे प्रशिक्षण दिले जाते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम आणि त्याहून लहानांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा २०२४ साली आला. दोन्हींचा भर मुलाशी बोलण्यावर, त्याला प्रश्न विचारण्यावर आणि त्याचे ऐकून घेण्यावर आहे.

आता खानापूर तालुक्यातील किंवा बेळगावच्या पश्चिमेकडील एखाद्या मराठी गावाचा विचार करा. राज्याचा कारभार कन्नडमध्ये, म्हणून प्रशिक्षण कन्नडमध्ये. सेविका ते कन्नडमध्ये ऐकते आणि दुसऱ्या दिवशी मराठी मुलांपुढे उभी राहते. बाजारापुरते आणि कचेरीपुरते कन्नड तिला उत्तम येते. परंतु मुलाची वाढ खुंटणे, बोलणे उशिरा येणे, भीतीने गप्प होणे, या गोष्टी आईला दुखवू न देता कशा सांगाव्यात, याचे शब्द बाजारात मिळत नाहीत. प्रशिक्षणात मिळालेला शब्द तिने तसाच उचलला तर आईला कळत नाही. स्वतःचा शब्द वापरावा तर तो बरोबर आहे की नाही, अशी धास्ती. मग शिकलेले बाजूला राहते आणि काम जुन्या सवयीने चालू राहते. यात दोष सेविकेचा नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. सेविकेने कन्नड शिकू नये, असे आम्ही म्हणत नाही. अहवाल कन्नडमध्ये जाणार, पर्यवेक्षिकेशी बोलणे कन्नडमध्ये होणार. ते तिला आलेच पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच की प्रशिक्षणात मराठी टिपणाची जोड हवी. शेजारी महाराष्ट्रात हीच केंद्रपुरस्कृत योजना मराठीतून चालते. ‘आकार’ हा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम तेथे मराठीत वापरला गेला आहे. म्हणजे पारिभाषिक शब्द नव्याने घडवण्याचे कामही उरलेले नाही. १९५६ च्या निवेदनात भाषिक अल्पसंख्याकांना जी संरक्षणे देण्यात आली, त्यांत लोकसंख्येच्या १५ टक्के वा अधिक अल्पसंख्याक असतील तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही देण्याचे तत्त्व मान्य झाले. घटनेचे कलम ३५० क प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्यास सांगते. तीन ते आठ हा वयोगट शिक्षणाचा एकच पाया आहे, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते. कर्नाटकाने पुढे स्वतःच्या धोरणाचा मार्ग धरला हे खरे. पण मुलाचे वय काही धोरणाप्रमाणे बदलत नाही. पायाची पहिली वीट अंगणवाडीतच बसते.

जबाबाची भाषा

याहून नाजूक प्रश्न अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाचा आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने या बाबतीत बराच विचार केला आहे. मुलाची तक्रार त्याला समजेल अशा सोप्या भाषेत नोंदवावी, असे कलम १९ सांगते. नोंद मुलाला न कळणाऱ्या भाषेत होत असेल, तर दुभाषा दिलाच पाहिजे, असेही तेच कलम सांगते. जबाब घेणाऱ्या पोलिसाने गणवेशात असू नये, असे कलम २४ मध्ये आहे. मूल जे बोलले ते तसेच्या तसे लिहून घ्यावे, हे कलम २६ चे सांगणे.

‘तसेच्या तसे’ या शब्दांत सारा प्रश्न सामावला आहे. मूल सरळ बोलत नाही. ‘तो काका मला नको’, ‘तो उगीच लाड करतो’, ‘पोटात दुखतंय, मी शाळेला जात नाही’ असे ते बोलते. ‘उगीच लाड करतो’ याचा अनुवाद ‘माया करतो’ असा झाला, तर पोराची तक्रार आरोपीचे प्रशस्तिपत्र होऊन बसते. हा अर्थ ओळखायला त्या घरची मराठी यावी लागते आणि कन्नडमध्ये नेमका उतरवायला कन्नडही तितकीच यावी लागते. शिवाय मुलाच्या तोंडात शब्द न घालता ऐकण्याची शिस्त लागते, आणि ती शिकावी लागते.

२०२० च्या पॉक्सो नियमांत एक तरतूद आहे, जी आमच्या सुशिक्षित मुला-मुलींनी आवर्जून वाचावी. प्रत्येक जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाने दुभाषे, अनुवादक, विशेष शिक्षक आणि साहाय्यक व्यक्ती यांची नोंदवही ठेवायची आहे. दुभाष्याला मुलाची भाषा आणि राज्याची राजभाषा या दोन्हींची कामचलाऊ ओळख हवी. ती मातृभाषा म्हणून असो, प्राथमिक शाळेचे माध्यम म्हणून असो किंवा त्या भाषेच्या प्रदेशात राहून आलेली असो. या कामाचा मोबदलाही ठरलेला आहे. तो कुशल कामगाराच्या किमान वेतनाहून कमी असू नये, असे नियम सांगतो.

ही पात्रता आमच्या गावोगावी आहे. घरी मराठी, बसमध्ये कन्नड, दोन्हींत हिशेब आणि दोन्हींत भांडण, हे सीमाभागातील माणसाला जन्मापासून येते. इतकी वर्षे या दुभाषेपणाकडे आपण लादलेले ओझे म्हणून पाहिले. मुलांच्या कामात मात्र ते मोलाचे कौशल्य आहे.

शिकायचे कोठे?

या क्षेत्रात शिक्षणाच्या वाटा बऱ्याच आहेत. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून समाजकार्याचे शिक्षण देते. ‘चाइल्डलाइन १०९८’ या दूरध्वनी सेवेचा प्रयोग १९९६ मध्ये तेथूनच सुरू झाला. पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून आहे. जवळ म्हणाल तर कोल्हापूर, धारवाड आणि बेळगाव येथेही समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेता येते. जिल्हा बाल संरक्षण कक्षातील संरक्षण अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ता अशा जागांसाठी हे शिक्षण उपयोगी पडते. यांतील बऱ्याच जागा कंत्राटी आहेत, हे मात्र आधीच जाणून असावे.

नोकरीत असलेल्यांसाठी केंद्राची संस्था १९६६ पासून दिल्लीत आहे. तिला आता सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले आहे. तिचे बेंगळुरू केंद्र १९८० चे, इंदूर केंद्र २००१ चे. बेंगळुरूच्या निम्हान्समधील ‘संवाद’ हा उपक्रम मुलांच्या मानसिक आरोग्याविषयी बालसंरक्षणातील कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देतो.

अंगणवाडीतील भगिनींनीही आपली वाट बंद समजू नये. २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार सेविकांच्या निम्म्या जागा पाच वर्षे काम केलेल्या मदतनिसांमधून आणि पर्यवेक्षिकांच्या निम्म्या जागा तितकाच अनुभव असलेल्या सेविकांमधून भरायच्या आहेत. अर्थात शिक्षणाची अट पुरी करावी लागते. दहावीवर थांबलेल्या सेविकेने मुक्त शाळेतून किंवा मुक्त विद्यापीठातून पुढे शिकणे, हा तिच्या बढतीचा मार्ग आहे. घरच्यांनी संध्याकाळची एक भाकरी स्वतः थापली, तर तेही या शिक्षणाला हातभारच.

आता काय करावे?

आमच्या मते चार गोष्टी लगेच करण्याजोग्या आहेत. ग्रामपंचायतींनी ठराव करून मराठी गावांतील सेविकांच्या प्रशिक्षणात मराठी टिपणे मागावीत. महिला मंडळांनी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे लेखी विचारावे की दुभाष्यांच्या नोंदवहीत मराठी जाणणारे किती आहेत. असा अर्ज मराठीतही करता येतो, कारण गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क घटनेचे कलम ३५० देते. दोन्ही भाषा जाणणाऱ्या पदवीधर तरुण-तरुणींनी त्या नोंदवहीत आपले नाव घालावे. आणि कन्नड माध्यमात शिकणाऱ्या मराठी मुलींनी घरची मराठी वाचायला-लिहायला शिकावी, मराठी माध्यमातल्यांनी कन्नड नीट लिहायला शिकावे.

सीमेचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. आज अंगणवाडीत बसलेले तीन वर्षांचे पोर तोवर थांबणार नाही. त्याला जे सांगायचे आहे ते ते आजच, आईच्या भाषेत सांगणार. ते ऐकून नेमके लिहून घेणारे माणूस आपल्या गावात तयार असावे, एवढी सोय आपण आपल्या हाताने करू शकतो.